काकीच्या लाथेला पुरून उरलेलं भांडं

कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं निवडताना मी ठरावीक गोष्टी बघते. ते जड हवं, पसरट हवं, एका हाताने घासता यायला हवं, आणि कोणाला उचलून न्यावंसं वाटू नये इतकं कुरूप हवं. स्वस्त तर हवंच, कारण कोंबडीच्या भांड्यावर खर्च करणाऱ्या बाईला आमच्याकडे वेडी म्हणतात. हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते मला माझ्या थोरल्या काकीच्या उजव्या पायाने शिकवलं. काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल आता चांगलंच बोलावं, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. त्यांनी ते आपापल्या लिखाणात खुशाल बोलावं.

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत आमची वाडी. घर एकच, पण मधोमध कारवीचा कूड घालून त्याचे दोन भाग केलेले. एका बाजूला थोरले काका आणि काकी, दुसऱ्या बाजूला आम्ही. बाबा वाशिंदला कारखान्यात होते, आठवड्यातून एकदा यायचे. त्यामुळे आमच्या बाजूला खरं तर आई आणि मी अशा दोघीच. कूड शेणाने सारवलेला असला तरी त्यातून सगळं ऐकू यायचं. काकीने बोंबील भाजायला घेतले की आमच्या बाजूला वास आधी आणि तिचं बोलणं मागाहून यायचं. पहाटे दोन्हीकडच्या चुली एकदमच पेटायच्या, भाकऱ्या थापल्याचा आवाज दोन्हीकडून यायचा, आणि रस्त्यावर घाट चढायला निघालेल्या एसटीने गिअर बदलला की दोन्हीकडची माणसं एकाच वेळी म्हणायची, "गेली." अंगण मात्र एकच होतं. भांडण सगळं त्या अंगणाचं.

आईच्या कोंबड्या तिच्या माहेरून आलेल्या. लग्नात तिला जे मिळालं ते सगळं एकत्र कुटुंबात मिसळून गेलं होतं. कोंबड्या तेवढ्या तिच्या राहिल्या. कोणाला अंडी द्यायची, कोणता कोंबडा कापायचा, कोणती कोंबडी अंड्यांवर बसवायची, हे ती कोणालाही न विचारता ठरवायची. आमच्या घरात आई न विचारता करायची अशी दुसरी गोष्ट मला आठवत नाही. काकीकडेही कोंबड्या होत्या, पण वेगळ्या. उघड्या मानेच्या. गळ्यावर एक पीस नाही, नुसती लाल कातडी. वाडीत तशा फक्त तिच्याकडे होत्या, आणि त्यांचा तिला कोण अभिमान! तिच्या कोंबड्यांना पाणी पितळेच्या परातीत. परातीची कड चिरलेली होती म्हणून ती स्वयंपाकातून निवृत्त झाली होती, पण काकी तिला चिंच लावून घासायची आणि रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी भर अंगणात ठेवायची.

आईकडे मातीचं परळ होतं. कुंभाराकडचं उथळ, बुटकं भांडं. पाणी गार राहायचं, कोंबड्या खूश असायच्या. त्याचा दोष एकच. लाथ मारली की फुटायचं.

होळी झाली की काकी अंगणात तांदळाचे पापड आणि फेण्या वाळत घालायची. अख्खं अंगण भरून जुनी लुगडी पसरलेली आणि त्यांवर पांढऱ्या फेण्यांच्या ओळी. अर्धवट वाळलेली फेणी चोरून खाण्याचं सुख वेगळंच, ते मी नाकारत नाही. पण कोंबड्या त्या लुगड्यांवरून चालायच्या, आणि कोंबडी चालते तिथे घाण करतेच. घाण दिसली की काकीच्या मते ती आमचीच असायची.

"तुज्या कोंबड्या हागल्या गो माज्या फेण्यांवर!" ती अंगणातून ओरडायची.

"अक्का, तुमच्याही होत्या तिथं," आई आतून हळूच म्हणायची. मोठ्या जावेला आई अक्का म्हणायची.

"माज्या शिकलेल्या हायत. माज्या बाजूला जाऊन हागतात."

पहिलं परळ फुटलं तेव्हा काकी म्हणाली, पाय लागला. दुसरं फुटलं तेव्हा म्हणाली, वाटेत होतं. तिसऱ्याच्या वेळी मी ओटीवर बसून करवंदं निवडत होते आणि मला सगळं दिसत होतं. काकी चार पावलं वाट वाकडी करून गेली, परळाला लाथ मारली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. "माणसांना पाणी नाय नि हिच्या कोंबड्यांचे लाड," एवढं जाता जाता म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. विहिरीने तळ गाठला होता. बायका नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उपसून खड्डा करायच्या, त्याला आम्ही डवरा म्हणतो. त्यात झिरपलेलं पाणी वाटीने कळशीत भरायचं आणि चढण चढून घरी आणायचं. सांडलेलं प्रत्येक परळ म्हणजे आईच्या डोक्यावरून आलेलं पाणी होतं. हे काकीलाही ठाऊक होतं. तीही त्याच डवऱ्यावर जायची.

त्या दिवसांत आईची कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती. बसलेली कोंबडी दिवसातून जेमतेम एकदा उठते, दाणा टिपते, पोटभर पाणी पिते आणि पुन्हा जाऊन बसते. ती उठली त्या दुपारी परळ फुटलेलं होतं आणि आई डवऱ्यावर रांगेत होती. मी शाळेत होते. संध्याकाळी कवडी आम्हांला कुंपणाच्या करवंदीच्या जाळीखाली सापडली, चोच उघडी आणि पंख पसरलेले. डालग्यातली, म्हणजे कोंबडी बसवतात त्या टोपलीतली, अंडी गार पडली होती. पिलं बाहेर यायला थोडेच दिवस राहिले होते. आईने एक अंडं कानाशी धरलं, मग दुसरं, मग सगळी एकेक करून धरली. मग पदरात घेऊन शेतात गेली आणि खड्डा करून पुरून आली.

तेवढ्यावर भागलं नाही. त्याच रात्री जेवताना काकीने थोरल्या काकांपुढे विषय काढला. कोंबड्या मरायला लागल्या, रोगराई येईल, अंगण मोकळं करा. काका शांत माणूस, भांडणाला भ्यायचे. बराच वेळ भाकरीचा तुकडा कालवणात फिरवून म्हणाले, "मिरगापर्यंत बघू. टिकल्या तर राहतील. घटल्या तर धाकटीने काढून टाकाव्या." कुडाच्या या बाजूला आईच्या हातातलं पातेलं जिथल्या तिथे थांबलं. म्हणजे आता काकीला फक्त उन्हाळाभर भांडी फोडायची होती. बाकीचं काम ऊन करणार होतं.

मी तेव्हा सातवीत होते, आणि त्या रात्री काकीवर सूड घ्यायचं मी ठरवलं. सूड म्हणजे नेमकं काय करायचं ते सुचत नव्हतं. पण जे फुटत नाही असं भांडं आधी हवं, एवढं पक्कं होतं. कोणतीही गोष्ट क्रमाने करायची मला तेव्हापासून सवय आहे.

आईचं जुनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेतलं. हलकं. कोंबडी काठावर बसली की पालथं, आणि उन्हात इतकं तापायचं की कोंबड्या चोच बुडवून मान झटकायच्या. दोन दिवसांनी ते काकीच्या चुलीजवळ सापडलं. "मला काय ठाऊक कोंबड्यांचं हाय, भांडं म्हणजे भांडं," काकी म्हणाली. मग तेलाचा प्लास्टिकचा डबा आडवा कापला. फेण्या शिजवताना काकीने विस्तवाची पाटी त्याला अगदी चिकटून ठेवली आणि डबा एका बाजूने वितळला. उलटं कौल ठेवून बघितलं, पाणी घोटभर राहायचं. मोठा बांबू उभा चिरून पन्हळ केली, ती उन्हाने तडकली. बाबांनी शेतातल्या औषधाचा पत्र्याचा डबा आणून दिला. आईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि पुरला. तसल्या डब्यात पाणी ठेवून खालच्या आळीतल्या एकीचं अख्खं खुराडं रिकामं झालं होतं.

आता मी शहापूरला राहते, मागच्या अंगणात माझ्याही कोंबड्या आहेत, आणि बाजारात लाल तबकावर पांढरा घुमट असलेली प्लास्टिकची भांडी मिळतात. पाणी स्वच्छ राहतं, पिलं बुडत नाहीत. जाड बघून घ्यावी आणि सावलीत ठेवावी, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात कडा मोडतात. घमेल्यात गोणपाट अंथरून सिमेंटचं उथळ भांडं घरीही ओतता येतं. तेही चांगलं, फक्त काही दिवस पाणी बदलत राहून त्याचा क्षार जाऊ द्यावा. विचारणाऱ्यांना मी हे सगळं सांगते. पण यातलं एकही भांडं माझ्या काकीपुढे टिकलं नसतं.

टोकावड्याला रस्त्याच्या कडेला बारकूचं पंक्चरचं दुकान होतं. घाटातून उतरणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या. दुकानामागे टायरांचा ढीग पडलेला असायचा. रोज शाळेत जाता-येता तो दिसायचा, पण त्या आठवड्यात मला त्यात पहिल्यांदा भांडं दिसलं. दुसऱ्या दिवशी मी करवंदांनी भरलेली टोपली घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"टायर पायजे."

"गाडी कुठं ठेवलीस गो?" बारकू म्हणाला.

"कोंबड्यांना पाणी ठेवायला पायजे."

"अस्सं. मग हवा भरून देऊ का नको?"

दुकानातले सगळे हसले. मी हसले नाही, हे बघून त्याने एक करवंद तोंडात टाकलं आणि जीपचा एक गुळगुळीत झालेला टायर ओढून काढला. साबणाच्या पाण्यात सुरी बुडवत बुडवत त्याने तो मधोमध गोल चिरला. दोन मोठ्या काळ्या बांगड्या झाल्या, प्रत्येकीत आतून गोल पन्हळ. एक मी गळ्यात अडकवली आणि दुसरी रस्त्याच्या कडेने गडगडवत घरी निघाले. एसटीच्या थांब्यावर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. माझ्या डोळ्यांपुढे एकच पाय होता.

रबराचा वास जाईपर्यंत कोंबड्यांनी त्यातलं पाणी प्यायलं नाही. मी ते राखेने घासलं, भिजत घातलं, पुन्हा घासलं. काळं असल्याने उन्हात तापणार हे कळत होतं, म्हणून आमच्या बाजूच्या फणसाखाली, दिवसभर सावली असते तिथे मांडलं. पाण्यात मध्येमध्ये दगड ठेवले, पिलं पडली तर चढायला. दुसरा अर्धा भाग न्हाणीमागे ठेवला, दोन्ही आलटूनपालटून घासून सुकवता यावेत म्हणून.

काकी पहाटे आली. मी उठलेली होते, पण गोधडीतून हलले नाही. तिची पावलं अंगणातून फणसाकडे वळली, थांबली, आणि मग लाथेचा आवाज आला. मातीचं परळ फुटताना खळ्ळ असा मोकळा आवाज यायचा. हा आवाज जाड, बसका होता. त्यामागून काकीच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

"कुठनं आणलीस ही पीडा?" सकाळी ती ओटीवर पाय धरून बसली होती. अंगठा हळदीने पिवळा झाला होता.

"टोकावड्यावरनं," मी म्हणाले.

"घर हाय का गॅरेज?"

"पायाला काय झालं, काकी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. अंगठ्याचं नख पुढे काळं पडून निघालं. ते निघाल्याचं मला कुडापलीकडून कळलं आणि त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तिने हार मानली असं नव्हे. टायर कलंडवायला बघितला, तर पाण्याने भरलेला टायर बसल्या जागचा हलेना. लपवायला बघितला, तर तो लपत नव्हता. कोणाला देऊन टाकावा तर घेणार कोण? फुटत नाही, सांडत नाही, चोरीला जात नाही. चैत्र सरला आणि ऊन खऱ्या अर्थाने पेटलं, तेव्हा त्या टायरने आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मनातही आली नव्हती.

काकीची पितळेची परात भर उन्हात होती. दुपारपर्यंत त्यातल्या पाण्यात हात घालवत नसे. एके दिवशी उघड्या मानेची एक कोंबडी अंगण ओलांडून फणसाखाली आली आणि पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. कोंबडीला सावली आणि गार पाणी एका जागी मिळालं की ती तिथून हलत नाही, तिथेच माती उकरते, तिथेच दुपार काढते आणि जवळ डालगं दिसलं तर तिथेच अंडं घालते. आमच्या डालग्यात काकीच्या कोंबड्यांची अंडी पडायला लागली.

आमच्या वाडीचा रिवाज असा, की चुकलेली कोंबडी मागता येते, अंडं मागता येत नाही. ज्याच्या डालग्यात पडलं त्याचं. आदल्या वर्षी आमची एक कोंबडी काकीच्या ओटीखाली अंडी घालायची तेव्हा काकीनेच हा रिवाज आईला ऐकवला होता आणि त्या अंड्यांची पोळी आमच्यासमोर खाल्ली होती. आता तिने आपल्या कोंबड्यांच्या पायांना दोरी बांधून बघितली. बांधलेल्या कोंबड्या माना टाकून बसल्या, दाणा खाईनात. तिला सोडाव्या लागल्या. सोडल्या की सरळ फणसाखाली.

मला वाटत होतं आई ती अंडी परत करणार. आई म्हणजे भांडण टाळणारी, आवाज न चढवणारी, खाली बघून चालणारी. एका संध्याकाळी तिने डालग्यातली अंडी पदरात घेतली तेव्हा मी रागाने म्हणाले, "आता नेऊन देशील ना? काकीच्या हायत म्हणून?"

"माज्या डालग्यात हायत," आई म्हणाली.

चुलीतून विझलेला कोळसा घेऊन ती खाली बसली आणि एकेका अंड्यावर खूण करायला लागली. बसवायच्या अंड्यांवर अशी खूण करतात, नंतर दुसरी कोंबडी त्यात अंडं घालून गेली तर ओळखू यावं म्हणून. आईची तांबडी कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार होऊन, कोपऱ्यात फुगून बसलीच होती. आईने तिच्याखाली एकेक अंडं सरकवलं आणि मध्येच थांबली. पदरात आणखी होती.

"ती पण ठेव की," मी म्हणाले.

"नको. कवडीखाली होती तेवढीच." तिने तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "जास्त घेतली तर चोरी होईल."

मी आईकडे बघतच राहिले. सूड मी एकटीच घेते आहे, अशी तोवर माझी समजूत होती.

वैशाखाच्या अखेरीस पिलं बाहेर आली. उघड्या मानेची पिलं अंड्यातून येतानाच तशी येतात, बाकी अंगाला पिवळी लव आणि गळा लालभडक. तांबडी त्यांना घेऊन पहिल्यांदा अंगणात उतरली तेव्हा लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काकी फेण्या उलटत होती. तिने मान वर केली, आणि हातातली फेणी खाली पडली.

"ही माजी पिलं हायत!" तिने अशी हाक दिली की शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. काका आतून बाहेर आले. "मान बघा, मान! माज्या कोंबड्यांची हायत ही!"

आई ओटीवरून उतरली, पण घाईने नाही. "तुमच्या कोंबड्या शिकलेल्या हायत ना, अक्का? त्या दुसऱ्याच्या घरात कशाला येतील अंडं घालायला?"

कुंपणावर कोणीतरी फिसकन हसलं.

"अंडं घालायला नाय, पाण्याला आल्या त्या!"

"कुठल्या पाण्याला?" आईने विचारलं.

काकीने पडलेली फेणी उचलली. काका तिच्याकडे बघत होते, कुंपणावरच्या बायका बघत होत्या, मी बघत होते.

"कुठल्या पाण्याला, अक्का?"

"तुज्या टायरातल्या," काकी शेवटी म्हणाली, खाली बघून.

काका हळूहळू फणसाखाली गेले. टायरात बघितलं, मग उन्हातल्या परातीत बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "म्हणजे सगळा उन्हाळा आपल्या कोंबड्या हिच्या डोक्यावरच्या पाण्यावर हायत?" त्यांनी बायकोला विचारलं. "मग मिरगाची वाट काय बघायची? धाकटीच्या कोंबड्या राहतील. पिलं तिची. नि पाणी प्यायचं असंल तर उद्यापास्नं रोजची पहिली कळशी तू टाकायची."

"मी? हिच्या टायरात?"

"नाय तर बांधून ठेव तुज्या कोंबड्या."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठून ओटीवर बसले. आई सुपात तांदूळ निवडत होती. काकी डवऱ्यावरून आली, चढणीने धापा टाकत, चुंबळ घामाने भिजलेली. ती आमच्याकडे न बघता सरळ फणसाखाली गेली, कळशी उतरवली आणि टायरात पाणी ओतलं. दोन्हीकडच्या कोंबड्या धावत आल्या. काकी उरलेली कळशी उचलून वळली.

आईने सुपातून एक खडा काढून अंगणात टाकला. "अक्का," ती म्हणाली, "पलीकडच्या कडेला नाय पोचलं अजून."

काकी परत फिरली आणि तिने कळशी पुन्हा वाकवली.